डिस्कची नक्कल आणि सॉफ्टवेअरचे बिऱ्हाड

संगणकाच्या बाबतीत आपण एक समजूत करून घेतलेली असते. एखादी गोष्ट संगणकावर गेली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे आपण धरून चालतो. कागद फाटतो, शाई उडते, वाळवी लागते. संगणकातल्या अक्षराला यातले काहीच होत नाही. मग जपण्याची काळजी कशाला? प्रत्यक्षात अनुभव येतो तो नेमका उलटा. शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक कपाटातून काढावे, धूळ झटकावी आणि वाचू लागावे, यात अडचण अशी काहीच नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी सीडी घ्या. तिच्यावर एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह असेल, एखादा सबंध ग्रंथ असेल, नाही तर तो ग्रंथ ज्या अक्षरवळणात जुळवला ते मराठी फॉन्ट असतील. ती सीडी आज उघडेलच, अशी हमी कोण देणार?

अडचणी तीन असतात. पहिली, सीडीच खराब झालेली असते. घरी लिहिलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. ऊन आणि उष्णता यांनी तो बिघडतो. दुसरी, सीडी चांगली असते, पण नव्या संगणकाला सीडी घालायची जागाच नसते. तिसरी अडचण सर्वांत चमत्कारिक. सीडी चांगली, ती वाचणारे यंत्रही मिळाले, आतल्या फाइली डोळ्यांना दिसताहेत. पण तिच्यावरचा 'सेटअप' काही केल्या चालत नाही. पहिल्या दोन अडचणींवरचा उपाय म्हणजे डिस्क इमेज, आणि तिसरीवरचा उपाय म्हणजे नवा इन्स्टॉलर. या दोन्ही गोष्टी साधारण हुशार विद्यार्थी आठवड्याभरात शिकू शकतो. मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. इमेजचे काम जपण्याचे. इन्स्टॉलरचे काम नांदवण्याचे.

प्रथम इमेज म्हणजे काय ते पाहू. जुन्या काळच्या नकलनविसाची एक गोष्ट आपल्याकडे सांगतात. पोथी उतरवून काढताना त्याला एका पानावर चिकटून मेलेली माशी आढळली. त्या पठ्ठ्याने एक माशी मारली आणि आपल्या प्रतीत त्याच जागी चिकटवली. 'मक्षिकास्थाने मक्षिका' असे आपण त्याला हसून म्हणतो. परंतु श्रोतेहो, डिस्कची इमेज करताना हीच वृत्ती लागते. तेथे शहाणपणा करायचा नाही. जे जेथे आहे, ते तेथेच, तसेच उतरायचे.

"अहो, पण सीडीवरच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये कॉपी केल्या की झालं ना?" असे कोणी विचारील. नाही, तेवढ्याने भागत नाही. डिस्कवर फाइलींखेरीज आणखी पुष्कळ असते. डिस्कचे स्वतःचे नाव असते, आणि काही कार्यक्रम सुरू होताना ते नाव तपासतात. संगणक सुरू होताना प्रथम वाचावयाचा मजकूर ठराविक जागी असतो. कोणती फाइल कोठे सुरू होते, याची अनुक्रमणिका असते. फ्लॉपीवर तर पुसून टाकलेल्या फाइलींचे अवशेषही असतात, आणि संशोधकाला कधी त्यांचेच मोल अधिक वाटते. फाइली कॉपी करणे म्हणजे पोथीतले श्लोक तेवढे उतरून घेणे. इमेज करणे म्हणजे समासातल्या टिपांसकट, कोऱ्या पानांसकट, सबंध पोथी उतरणे.

हे कसे घडते ते आकड्यांनी चांगले समजते. डिस्कवरील जागा लहान लहान समान तुकड्यांत वाटलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात; आपण खण म्हणू. साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ खण, आणि प्रत्येक खणात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. फ्लॉपीवर एकच पत्र असो की शंभर असोत, तिची इमेज बरोबर एवढ्याच आकाराची होते. सीडीचे खण मोठे. साध्या माहितीच्या सीडीवर प्रत्येक खणात उपयोगाचे २०४८ बाइट असतात आणि सेकंदाला ७५ खण या हिशेबाने तिची लांबी मोजतात. म्हणजे ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० खण, आणि त्यांत ७३,७२,८०,००० बाइट. बाजारात हिलाच आपण सातशे एमबीची सीडी म्हणतो. हे सारे खण पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने एका फाइलीत उतरवले की झाली इमेज.

सीडीवर फाइली कशा मांडाव्यात याचा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ साली ठरला. त्याचा क्रमांक आयएसओ ९६६०. त्यावरूनच अशा इमेजच्या फाइलीला 'आयएसओ' हे नाव पडले. परंतु सर्वच इमेज आयएसओ नसतात, आणि येथूनच रूपांतराचा प्रश्न सुरू होतो. सीडी लिहिण्याची निरनिराळी सॉफ्टवेअरे निघाली आणि प्रत्येकाने आपापली पेटी वेगळी केली. 'निरो'ची एनआरजी, 'अल्कोहोल'ची एमडीएफ आणि तिच्या जोडीची एमडीएस, कोणाची बिन आणि क्यू अशी जोडफाइल, ॲपलच्या मॅकवरची डीएमजी. जुन्या साठ्यात हाताशी येतात त्या फाइली या अशा मिश्र घराण्यांच्या.

येथे एक भाबडा उपाय पुष्कळ जण करतात. फाइलीच्या नावातले 'एनआरजी' खोडतात आणि तेथे 'आयएसओ' लिहितात. हे म्हणजे आडनाव बदलल्याने कूळ बदलते असे मानणे झाले. कधी कधी फाइल तेवढ्याने उघडतेही, कारण ती मुळात आतून तशीच असते. त्यामुळे गैरसमज पक्का होतो. पण खरे रूपांतर आत घडावे लागते. साध्या सीडीच्या एनआरजी फाइलीत आरंभी पुष्कळदा १५० खणांची, म्हणजे ३,०७,२०० बाइटांची जागा मोकळी सोडलेली असते. ती ओलांडली की पुढे आयएसओचाच मजकूर लागतो. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर हा आरंभ गाळते, एवढेच.

बिन फाइलीचे प्रकरण थोडे निराळे आहे. वर मी सीडीच्या खणात उपयोगाचे २०४८ बाइट असतात असे म्हटले. प्रत्यक्षात खण २३५२ बाइटांचा असतो. आरंभीचे १६ बाइट खणाची खूण आणि पत्ता सांगतात, मधले २०४८ मजकुराचे, आणि शेवटचे २८८ मुख्यतः चूक ओळखून दुरुस्त करण्यासाठी राखलेले. बिन फाइलीत हे २३५२ बाइट सगळेच्या सगळे घेतलेले असू शकतात. तिच्यावरून आयएसओ करायची म्हणजे प्रत्येक खणाचे डोके आणि शेपूट काढून मधला गाभा तेवढा ठेवायचा. लिनक्सवर 'बीचंक' नावाचे छोटे सॉफ्टवेअर हेच काम करते.

आता मौज पाहा. गाण्याच्या सीडीवर हा मधला गाभा नसतोच. तेथे २३५२ च्या २३५२ बाइट आवाजाचे असतात. काही सीडी मिश्र असतात. पहिल्या भागात संगणकाचा कार्यक्रम, पुढच्या भागात ध्वनी. समजा, कवितांची अशी एक सीडी आहे. वाचायचा मजकूर पहिल्या भागात आणि कवितावाचन पुढच्या भागात. कोणी तिची आयएसओ केली आणि 'झाले जतन' म्हणून मूळ सीडी टाकून दिली, तर कविता राहतील आणि आवाज जाईल. कारण आयएसओच्या पेटीत ध्वनीला जागाच नाही. अशा सीडीसाठी बिन आणि क्यूची जोडीच ठेवावी. क्यू ही एक लहानशी मजकुराची फाइल असते आणि कोणता भाग कोठे सुरू होतो ते ती सांगते. तिला क्षुल्लक समजून खोडू नये. यावरून पहिला नियम निघतो: रूपांतर नेहमी नकलेवर करावे, आणि जी पहिली इमेज मूळ डिस्कवरून काढली तिला कधीच हात लावू नये.

दुसरी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पेटी बदलली म्हणजे आतली भाषा बदलत नाही. मॅकच्या डीएमजी फाइलीतला मजकूर बहुधा दाबून बसवलेला असतो. मॅकवरच 'एचडीआययुटिल' नावाच्या आज्ञेने तो मोकळा करून सरळ खणांच्या रूपात काढता येतो. हे रूपांतर बिनचूक झाले, तरी विंडोजला आतल्या फाइली दिसतीलच असे नाही, कारण फाइली मांडण्याची मॅकची पद्धत निराळी. आणि समजा दिसल्या, तरी मॅकसाठी लिहिलेला कार्यक्रम विंडोजवर चालणार नाही. कानडी पुस्तकाला मराठी पुस्तकाचे पुठ्ठे घातले म्हणून ते मराठीत वाचता येत नाही, तसेच हे.

इमेज तयार झाली की ती उघडणे सोपे आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून आयएसओ फाइलीवर दोनदा टिचकी मारली की ती जणू सीडी घातल्यासारखी उघडते. निराळे सॉफ्टवेअर लागत नाही. याला 'माउंट करणे' म्हणतात. लिनक्स आणि मॅकवरही ही सोय आहे. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की, आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही. त्यासाठी इमेज पेन ड्राइव्हवर 'लिहावी' लागते, म्हणजे आतला मजकूर खणांत जागच्या जागी बसवावा लागतो. 'रुफस'सारखी सॉफ्टवेअरे ते करतात, आणि ते करताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसतात. आधी काय होते ते पाहून घ्यावे.

आता खरा कस लागतो तो पडताळणीत. नकलनवीस प्रामाणिक होता, हे आपल्याला कसे कळावे? पूर्वी नक्कल झाल्यावर एकाने मूळ वाचावे आणि दुसऱ्याने प्रत पाहावी, अशी रीत होती. संगणकात हे काम ठशाने होते. 'शा-२५६' नावाची एक गणिती रीत आहे. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातून ही रीत ६४ चिन्हांचा एक ठसा काढते. फाइलीतला एक बिट जरी बदलला, तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' या आज्ञेने आणि लिनक्समध्ये 'शा२५६सम'ने हा ठसा काढता येतो. इमेज केली त्या दिवशी ठसा काढून वहीत लिहून ठेवावा. पाच वर्षांनी पुन्हा काढावा. दोन्ही जुळले तर आपला ठेवा अभंग आहे.

एक बारकावा मात्र आहे. बिनची आयएसओ केली की दोघींचे ठसे वेगळे येणारच. डोके आणि शेपूट काढल्यावर फाइल ती राहत नाही. तेव्हा रूपांतराची पडताळणी सबंध पेटीच्या ठशाने होत नाही. मूळ सीडी वाचता येत असेल तर ती आणि नवी आयएसओ दोन्ही उघडाव्यात, आणि आतल्या फाइलींचे ठसे एकास एक ताडून पाहावेत. हे न करता 'फाइल उघडते आहे ना, मग झालं' म्हणणे धोक्याचे. अनुक्रमणिका शाबूत असली की डिस्क उघडते. दोनशेवे पान कोरे असल्याचे दोनशेव्या पानावर गेल्यावरच कळते.

ठशाला एक मर्यादाही आहे, आणि तिचे उदाहरण सर्वश्रुत आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या विनामूल्य संगणकप्रणालीच्या संकेतस्थळात काही भामट्यांनी शिरकाव केला आणि तेथील दुवे बदलून लोकांना भेसळ केलेल्या आयएसओकडे वळवले. त्या इमेजमध्ये चोरदरवाजा ठेवलेला होता. आता, ज्या फळ्यावर दुवा लिहिलेला असतो, त्याच फळ्यावर ठसाही लिहिलेला असला आणि फळाच परक्याच्या हाती गेला, तर ठसा जुळून काय उपयोग? म्हणून ठशाबरोबर प्रकाशकाची अंकीय स्वाक्षरी असावी लागते आणि ती आपण वेगळ्या वाटेने मिळवलेल्या किल्लीने तपासावी लागते. ठसा सांगतो की माल वाटेत बदलला नाही. माल कोणाचा ते स्वाक्षरी सांगते. दोन प्रश्न वेगळे आहेत.

इतका वेळ जपण्याविषयी बोललो. आता नांदवण्याकडे वळू. सॉफ्टवेअर संगणकावर 'टाकणे' असे आपण सहज म्हणतो. पण ते गोणी टाकावी तसे टाकून चालत नाही. त्याचे बिऱ्हाड थाटावे लागते. नवा भाडेकरू येतो तेव्हा काय काय होते पाहा. सामान आत येते आणि प्रत्येक वस्तू ठरलेल्या खोलीत लागते. दारावर पाटी लागते. सोसायटीच्या वहीत नाव चढते. पाण्याची, विजेची जोडणी आधीपासून आहे की नाही ते पाहतात आणि नसली तर करून घेतात. आणि जागा सोडताना काय काय परत करायचे, हेही करारात लिहिलेले असते. इन्स्टॉलर हेच सारे करतो. विंडोजमध्ये कार्यक्रमाच्या फाइली 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जातात, फॉन्ट फॉन्टांच्या जागी जातात, 'स्टार्ट'च्या यादीत पाटी लागते, 'रजिस्ट्री' नावाच्या नोंदवहीत नाव चढते, कार्यक्रमाला लागणारी सामायिक सामग्री नसली तर ती बसवली जाते. आणि हे सगळे उलट्या क्रमाने कसे काढावे याची नोंद ठेवली जाते.

प्रत्येक गावची रीत मात्र निराळी. मॅकवर पुष्कळदा डीएमजी उघडायची आणि आतले चिन्ह 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ओढायचे, एवढ्यावर काम होते. म्हणजे तेथे डिस्क इमेज हीच सामान आणण्याची पेटी झाली. डेबियन घराण्याच्या लिनक्सवर 'डेब' नावाचे गाठोडे असते. त्यात एका भागात सामान, दुसऱ्या भागात माहिती आणि हे सॉफ्टवेअर चालायला दुसरी कोणकोणती हवीत याची यादी असते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर एमएसआय ही पद्धत आणली. एमएसआय फाइल आतून चक्क कोष्टकांची बनलेली असते: कोणती फाइल कोठे, कोणती नोंद कोणती.

आता ती तिसरी, चमत्कारिक अडचण. १९९५ साली विंडोज ९५ आले आणि ३२ बिटांचे कार्यक्रम घरोघर पोचले. पण त्या काळच्या पुष्कळ सीडींवर कार्यक्रम ३२ बिटांचा आणि त्याचा सेटअप मात्र १६ बिटांचा, असा प्रकार होता. कारण उघड आहे. जुन्या विंडोजवर कोणी ती सीडी घातली तर निदान 'हे तुमच्या संगणकावर चालणार नाही' एवढे सांगण्यापुरता तरी सेटअप सुरू व्हायला हवा होता. पुढे ६४ बिटांचे विंडोज आले, आणि ते १६ बिटांचे कार्यक्रम चालवत नाही. काही ओळखीच्या जुन्या सेटअपांसाठी त्यात पर्यायी सोय ठेवलेली आहे, पण ती सर्वांना लागू पडत नाही. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर ६४ बिटांतच मिळते. परिणाम असा की, घर शाबूत आहे, घरधनी धडधाकट आहे, आणि दारावरचा भालदार तेवढा निवर्तला आहे. आत जायचे कसे?

याला वाट आहे. आजच्या संगणकात 'व्हर्च्युअल मशीन' म्हणजे मांडलेला नकली संगणक चालवता येतो. त्यात जुने ३२ बिटांचे विंडोज घालावे आणि त्याला आपली इमेज सीडी म्हणून दाखवावी. येथे तो जुना सेटअप बिनतक्रार चालतो. सेटअप चालवण्यापूर्वी आणि चालवल्यानंतर, अशा दोन वेळा फाइलींची आणि नोंदवहीची यादी काढावी. दोन याद्यांतला फरक म्हणजे सेटअपने नेमके काय केले त्याचा पंचनामा. हा पंचनामा हाती आला की नवा इन्स्टॉलर लिहिता येतो, आणि आतला ३२ बिटांचा कार्यक्रम आजच्या विंडोजवर पुष्कळदा चालू लागतो.

नवा इन्स्टॉलर लिहिण्यासाठी साधने आहेत. जॉर्डन रसेल यांचे 'इनो सेटअप' १९९७ पासून वापरात आहे. एमएसआय करण्यासाठी 'विक्स' आहे; मायक्रोसॉफ्टने ते २००४ साली सर्वांसाठी खुले केले. नवशिक्याने इनो सेटअपपासून सुरुवात करावी. त्यात एक साधी मजकुराची फाइल लिहायची असते आणि तिचे विभाग पाडलेले असतात. एका विभागात नाव आणि आवृत्ती, दुसऱ्यात कोणत्या फाइली कोठे ठेवायच्या, तिसऱ्यात पाट्या, चौथ्यात नोंदवहीतल्या नोंदी, पाचव्यात शेवटी काय चालवायचे ते. वाण्याच्या यादीहून हे अवघड नाही. फाइल पूर्ण झाली की साधन तिच्यावरून एकच 'सेटअप' बनवून देते, आणि तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या चाळीस संगणकांवर चाळीस वेळा तेच काम न चुकता करतो. हाताने करू गेलो असतो तर सतराव्या संगणकावर फॉन्ट राहिला असता.

पण चांगला इन्स्टॉलर आणि वाईट इन्स्टॉलर यांत फार अंतर आहे. चार गोष्टी मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. एक, इन्स्टॉलरची परीक्षा कोऱ्या संगणकावर घ्यावी. ज्याने कार्यक्रम लिहिला त्याच्या संगणकावर सर्व सामग्री आधीच हजर असते; तेथे तो चालला यात नवल कसले? दोन, कार्यक्रमाच्या फाइली आणि माणसाने स्वतः टंकलेला मजकूर एकाच जागी ठेवू नयेत. कार्यक्रम काढून टाकला तरी त्या माणसाचे लेखन जागच्या जागी राहिले पाहिजे. भाडेकरू जाताना घरमालकाचे ट्रंक नेत नाही. तीन, प्रत्येक सॉफ्टवेअरला एक कायमची ओळखखूण द्यावी आणि ती आवृत्तीगणिक बदलू नये. इनो सेटअपमध्ये तिला 'ॲप आयडी' म्हणतात. ती बदलली तर नवी आवृत्ती जुनीच्या जागी न बसता शेजारी दुसरे बिऱ्हाड करते. चार, लागेल तेवढाच अधिकार मागावा.

या चौथ्या गोष्टीचा थोडा विस्तार करतो. इन्स्टॉलर चालवतो तेव्हा आपण एका परक्याला घराच्या सर्व किल्ल्या देत असतो. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून संगणक अशा वेळी थांबतो आणि 'याला बदल करू देऊ का?' असे विचारतो. प्रकाशक अनोळखी असेल तर तसेही सांगतो. आपण काय करतो? घाईघाईने 'हो' म्हणतो. रखवालदाराने विचारावे आणि आपण न पाहताच 'सोड रे त्याला' म्हणावे, असा हा प्रकार. आपण केलेला इन्स्टॉलर प्रयोगशाळेत देताना त्याचा ठसा फळ्यावर लिहून द्यावा आणि मुलांकडून तो पडताळून घ्यावा. याला दोन मिनिटे लागतात. पण न पाहता 'हो' म्हणण्याची जी सवय त्यांना लागलेली असते, ती मोडायला सुरुवात होते.

कायद्याचा प्रश्न कोणीतरी विचारीलच, आणि तो रास्तही आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात, संगणक-कार्यक्रमाची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीर मार्गाने आलेली आहे त्याला, ती हरवण्यापासून किंवा बिघडण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, आणि मूळ कामासाठी वापरण्यापुरतीच, राखीव प्रत करण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे आपल्या विकत घेतलेल्या सीडीची इमेज करून कपाटात ठेवणे वेगळे आणि ती गावभर वाटणे वेगळे. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरसाठी केलेला नवा इन्स्टॉलर बाहेर वाटायचा असेल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी.

"ही सारी यातायात कशासाठी?" असा प्रश्न उरतो. आपल्यापुरते उत्तर असे आहे. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. पण सामान्य माणसाच्या संगणकावर ती पोचायला वेळ लागला. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला, आणि त्यानंतरही छपाईच्या कामात अनेक वर्षे जुन्याच पद्धती चालू राहिल्या. त्या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची बसवण्याची तऱ्हा वेगळी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावे आपल्या छापखानेवाल्यांच्या तोंडी अजून आहेत. त्या काळी जुळवलेला मजकूर आज त्या त्या फॉन्टावाचून उघडला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. लेखकाने लिहिले, जुळणाऱ्याने जुळवले, फाइलही हयात आहे. आणि तरी वाचता येत नाही. फॉन्ट मिळाला, निदान त्याची अक्षरे कोणत्या जागी बसवली होती एवढे कळले, तर तोच मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा छापता येतो, शोधता येतो, कोशात घेता येतो.

म्हणजे जी सीडी जुनी आणि निरुपयोगी म्हणून आपण बाजूला टाकतो, ती पुष्कळदा दुसऱ्याच एका ग्रंथाची किल्ली असते. हे ग्रंथ काही फार मोठ्या संस्थांत नाहीत. ते गावोगावच्या वाचनालयांत आहेत, दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत आहेत, प्रबंध लिहिलेल्या प्राध्यापकांच्या घरी, माळ्यावरच्या खोक्यांत आहेत. सीडी-ड्राइव्ह असलेले संगणक दरवर्षी भंगारात जात आहेत. तेव्हा ज्याच्या घरी असे यंत्र आहे त्याने ते विकण्याआधी एक रविवार काढावा. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल घासू नये. इमेज करावी. वाचताना अडली तर लिनक्सवरचे 'डीडीरेस्क्यू' वापरावे. ते चांगले खण आधी उचलते आणि खराब खणांकडे मागाहून पुन्हा पुन्हा वळते. ठसा काढून वहीत लिहावा. सीडीच्या पाठीवरचा मजकूर आणि सोबतचा परवान्याचा क्रमांकही टिपून ठेवावा. तो नसला तर सेटअप चालूनही दार उघडत नाही. इमेजच्या दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात.

रूपांतर आणि नवा इन्स्टॉलर ही कामे त्यानंतरची. ती आज जमली नाहीत तर पाच वर्षांनी दुसरा कोणी करील; त्या वेळी आजच्यापेक्षा चांगली साधनेही असतील. पण त्याच्या हाती देण्यासाठी इमेज तेवढी असली पाहिजे, आणि ती करण्याची मुदत सीडीवरचा तो पातळ थर ठरवीत असतो.